साडेआठ टक्के

हिमालयात, दोडीतालच्या वाटेवर मांझीच्या मुक्कामाच्या अलीकडे गारा सुरू झाल्या तेव्हा माझ्या अंगात सुती बनियन होतं, आणि ही गोष्ट मी भाचीपासून दोन दिवस लपवून ठेवली होती.

मुळापासून सांगतो. मी सोलापूरचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं अकाउंट्स बघतोय. माग चालवत नाही, पण सुताचा हिशेब ठेवता ठेवता कापूस कळायला लागतो. आमची चादर आणि टॉवेल दोन्हींना जीआय मानांकन आहे, त्यामुळे आम्हा लोकांना कापसाचा जरा गर्वच असतो. भाची पुण्यात नोकरी करते, हिमालयात दोनदा जाऊन आलेली. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घरी आली होती, तेव्हा म्हणाली, "मामा, मार्च एंड झाला की चल माझ्याबरोबर. दोडीतालला. सोपा आहे, तळं आहे, जंगल आहे." सोपा हा शब्द मी जास्तच मनावर घेतला.

त्याला कारणही होतं. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जायची पद्धत आहे. पंचेचाळीस-एक किलोमीटर, रात्रभर, डांबरी रस्त्यानं, शेवटी घाट. मी अकरा वर्षं जातोय. पायात साधी चप्पल, अंगात बनियन-शर्ट, खांद्यावर टॉवेल. तेव्हा चालण्याबद्दल मला कुणी शिकवावं असं वाटत नव्हतं.

भाचीनं तरी व्हॉट्सअपवर लांबलचक यादी धाडली. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा (बीपी काठावर होतं, डॉक्टरांनी दोनदा मोजलं आणि "सावकाश जावा" म्हणून सही केली). बूट एक नंबर मोठे घ्या आणि महिनाभर वापरून मऊ करा. मी ते ऑफिसला घालून जायचो. खात्यातली पोरं विचारायची, "काय ओ, हिमालयात टॉवेल विकायला चाललाव का?" रोज सकाळी तुळजापूर रोडनं हिप्परग्याच्या तलावाकडे चालायचं, हेही जमलं. पण तिचं म्हणणं, सपाटीवर चालून काही होत नाही, चढ पाहिजे. आता सोलापुरात चढ कुठून आणायचा? आमच्याकडे उंच म्हणजे रेल्वेचा पूल. शेवटी बहिणीच्या सात मजली अपार्टमेंटचा जिना धरला. सॅकमध्ये वजन म्हणून सुताचे चार कोन भरले, एकेक साधारण दोन किलोचा. संध्याकाळी सहा फेऱ्या. तिसऱ्या दिवशी वॉचमननं विचारलं, "लिफ्ट बंद हाय का साहेब?" लिफ्ट चालू होती. मी जिन्यानं चढायचो आणि लिफ्टनं उतरायचो. ही चूक किती मोठी आहे हे मला नंतर गुडघ्यांनी सांगितलं. डोंगरात लिफ्ट नसते, आणि चढताना फुप्फुसं दमतात तशी उतरताना मांड्या आणि गुडघे दमतात. त्यांची तयारी उतरूनच होते.

यादीतल्या एका ओळीवर मात्र आमचं भांडण झालं. "कॉटन अजिबात नको. टीशर्ट, आतले कपडे, मोजे, काहीच नाही." मी म्हटलं, "कापसाच्या गावात जन्म काढला आणि आता पॉलिस्टर घालू? उन्हाळ्यात अंगाला चिकटतं ते." ती म्हणाली, "मामा, तिथं उन्हाळा नाहीये." टॉवेलसुद्धा तिनं तो पातळ, झटपट वाळणारा, रुमालाएवढा घ्यायला सांगितला. ते वाचून तर मला अपमानच वाटला. मी आमच्या एक्स्पोर्टच्या लॉटमधला 30 बाय 60 इंची, 500 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 500 ग्रॅमचा, टॉवेल सॅकमध्ये टाकला. वजन 580 ग्रॅम. तिच्या पॉलिस्टरच्या टीशर्टखाली घालायला बाह्यांचं बनियन घेतलं, तीन नग. ते सांगितलं नाही.

प्रवासाचं फार सांगत नाही. कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून हरिद्वार, मग बसनं दिवसभर वळणं घेत उत्तरकाशी. वाटेत टिहरीच्या धरणाचं पाणी लागतं, अर्धा तास खिडकीतून हटत नाही. नळाला पाणी कधी येणार त्याची कॅलेंडरवर खूण करणारी माणसं आम्ही. मला उजनीच आठवत राहिली. उत्तरकाशीत विश्वनाथाचं दर्शन घेतलं. देशातली मोठमोठी गिर्यारोहक माणसं जिथं शिकली ती नेहरू गिर्यारोहण संस्था इथलीच, 1965 सालची. एव्हरेस्टवर 1984 साली गेलेल्या बचेंद्री पालही याच जिल्ह्यातल्या. हे सगळं भाची सांगत होती आणि मी बाजारात गरम जिलबी शोधत होतो.

संगमचट्टीपर्यंत जीप जाते. तिथून पुढं दोडीताल सुमारे 22 किलोमीटर. आकडा ऐकून मी मनात हसलो, तुळजापूरच्या निम्मं. आमचा गाईड पुढच्या अगोडा गावचाच, तिशीतला, अंगानं काटकुळा. दोन खच्चरांवर तंबू आणि शिधा लादताना त्यानं माझ्याकडे वर-खाली बघितलं आणि एकच सूचना दिली: "सरजी, पसीना मत आने देना. गरम लगे तो एक कपडा उतारो, रुको तो पहन लो."

सोलापूरच्या माणसाला घाम येऊ देऊ नको म्हणे! एप्रिलात आमच्याकडे पारा चाळिसावर असतो. घाम येतो आणि दिसायच्या आत उडून जातो, शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे तेवढे राहतात. घाम हा आमचा कूलर. मी मान डोलावली आणि पहिल्या चढाला माझ्या चालीनं निघालो. तुळजापूरची चाल, उन्हाच्या आत पोचायची.

पहिल्या दिवशी निभावलं. अगोडा पाच-सहा किलोमीटरवर, दुपारीच पोचलो. दगड-लाकडाची घरं, खालच्या मजल्यावर गुरं, वर माणसं. मुक्काम गाईडच्याच घरी. त्याच्या आईनं राजमा आणि मंडुव्याची रोटी वाढली. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. मी डब्यातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. कडक भाकरीबद्दल त्यांना समजावणं अवघड गेलं. मुद्दाम पापडासारखी वाळवलेली, महिनाभर टिकणारी भाकरी! गाईडनं एक तुकडा कडकन मोडला, चटणीत बुडवला आणि म्हणाला, "इसमें पानी बिलकुल नहीं है, इसलिए खराब नहीं होती." बरोबर आहे. खराब होतं ते पाण्यानं. तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ भाकरीपुरताच कळला.

दुसऱ्या दिवशी बेबरा मागं टाकल्यावर जंगल दाट झालं. खाली चीड, म्हणजे पाइन, होते, ते संपले. आता बांज, म्हणजे इथला ओक, आणि मधेच बुरांश, लालभडक फुलांनी भरलेला. बुरांश हे उत्तराखंडचं राज्यवृक्ष. खाली पडलेल्या पाकळ्या गाईडनं तोंडात टाकल्या, मलाही दिल्या. आंबट-तुरट. त्याचं सरबत करतात. झाडांच्या खोडांवर शेवाळ बोटभर जाड. उन्हात वाढलेल्या माणसाला ते हिरवं बघून आधी संशयच येतो, इतकं पाणी येतं कुठून?

एके ठिकाणी गाईड थांबला. बांजखाली पानांचा थर होता, कुजलेला, काळा. त्यानं त्यावर बूट ठेवून दाबला, तशी बुटाच्या कडेनं पाण्याची रेघ उमटली. पाऊस नव्हता, दव केव्हाच उडालं होतं. "बांज पानी पकड़ के रखता है," तो म्हणाला. "चीड नहीं रखता. जहाँ बांज, वहाँ पानी का सोता." मी खाली बसून हातानं दाबून बघितलं. दाबलं की पाणी वर, सोडलं की आत. अरे, हा तर टॉवेल! आमच्या टॉवेलला ते उभे फासे असतात ना, लूप, ते याच कामासाठी असतात. पाणी धरायचं आणि धरून ठेवायचं. मी भाचीला हे इतक्या आनंदानं सांगितलं की ती म्हणाली, "मामा, ऑफिस बंद ठेव जरा."

या आनंदात मी चालही वाढवली होती. मांझीच्या आधीचा चढ खडा आहे. बाराच्या सुमारास माझ्या कपाळावरून धार लागली होती. जॅकेट काढायला हवं होतं, पण थांबायचा कंटाळा. दोनच्या आसपास वारा एकदम बदलला, झाडांचे शेंडे काळवंडले आणि गारा. हरभऱ्याएवढ्या. आम्ही एका झुकलेल्या खडकाखाली उभे राहिलो.

उभं राहणं, हेच नडलं. चालत होतो तोवर अंगात भट्टी होती. पाच मिनिटांत पाठीवर कुणी बर्फाची लादी टेकवावी तसं झालं. दहा मिनिटांत दात वाजायला लागले. भाची म्हणाली, "मामा, जॅकेटची चेन वरपर्यंत लाव." मी चेन धरायला गेलो आणि बोटं चेनीवरून घसरली. परत धरली, परत घसरली. चेनीचा तो छोटा पत्रा मला दिसत होता, बोटांना मात्र तो लागतच नव्हता. मी काहीतरी बोललो, ते मलाच नीट ऐकू आलं नाही. भाचीनं पुढं होऊन चेन लावायला माझी कॉलर धरली आणि तिचा हात आत लागला.

"हे काय आहे?"

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बिडी ओढताना पकडला गेल्यासारखं वाटलं.

गाईडनं वाट बघितली नाही. पुढं अर्ध्या फर्लांगावर एक छानी होती, उन्हाळ्यात गुरं घेऊन येणाऱ्यांची झोपडी, त्या वेळी रिकामी. तिथं दोघांनी मला धरून नेलं. शर्ट काढला, बनियन काढलं. त्यानं स्वतःचा लोकरीचा स्वेटर उघड्या अंगावर चढवला. त्याला धुराचा आणि मेंढीचा वास होता. इतका चांगला वास मी आजवर घेतला नसेल. मग त्यानं माझं बनियन दोन्ही हातांत धरून पिळलं. मातीच्या जमिनीवर पाणी पडलं, थेंब थेंब नाही, धार. तो म्हणाला, "सरजी, ये बनियान है कि टंकी?"

चहा, गूळ, परत चहा. बोटं अर्ध्या तासानं माझी झाली. भाची चिडून बोलतच नव्हती, आणि ते चहापेक्षा जास्त झोंबत होतं. नंतर तिनं एवढंच सांगितलं की अंग गार पडून बोली अडखळायला लागते, बोटं ऐकत नाहीत, ही पहिली पायरी असते. पुढच्या पायरीला माणसाला आपल्याला थंडी वाजतेय हेसुद्धा कळेनासं होतं.

रात्री मांझीला तंबूत झोप लागेना, तेव्हा मी माझ्या धंद्याचा हिशेब मांडला. सूत खरेदी करताना वजनात ओल किती धरायची याचा नियम असतो. पूर्ण वाळवलेल्या 100 किलो कापसाच्या सुतामागे 8.5 किलो पाणी हिशेबात धरतात. हवेतलं पाणी कापूस आपसूक ओढून घेतो, ते कुणाला चुकत नाही. यापेक्षा जास्त भरलं की मी पार्टीला फोन करतो, सुताच्या भावानं पाणी का विकता म्हणून. पॉलिस्टरला हाच आकडा 0.4 आहे. म्हणजे त्याच्या धाग्यात पाणी शिरतच नाही, बाहेरच्या बाहेर राहतं आणि उडून जातं. गंमत लोकरीची. तिचा आकडा कापसाच्या जवळजवळ दुप्पट, पण तिचे केस कुरळे, मधे हवा अडकून राहते, म्हणून ओल पोटात घेऊनही ती उबदार. ओला कापूस मात्र अंगाला लिंपल्यासारखा बसतो, आणि पाणी हवेपेक्षा पंचवीस-एक पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं. हे आकडे मी बावीस वर्षं बिलांवर तपासतोय. अंगात घालताना आठवले नाहीत. सोलापुरात जो गुण म्हणून विकतो तोच इथं मारायला उठला होता, आणि त्यात कापसाचा काही दोष नव्हता. तो 8.5 म्हणजे 8.5 असाच वागला.

सकाळी तंबूच्या दोरीवर टाकलेला माझा टॉवेल काढायला गेलो तर तो वाकेना. आदल्या दिवशी तोंड पुसून ओला झालेला, रात्रीत गोठून फळीसारखा ताठ. एका कडेनं धरला तर सरळ उभा. भाची पहिल्यांदा हसली. "मामा, कडक भाकरी झाली तुझ्या टॉवेलची." तिथून बोलणं सुरू झालं. उरलेली दोन बनियनं मी स्वतःहून काढून दिली.

मांझीपासून दोडीताल जवळ आहे. त्या दिवशी मी गाईडच्या मागं, त्याच्या पावलावर पाऊल ठेवून चाललो. तो लाजिरवाण्या हळू गतीनं चालतो. वरातीत चालावं तशी गती. पण थांबत नाही. नाकानं श्वास घेत, बोलता येईल इतपतच. तीन हजार मीटरला हवेत आपल्या वाट्याला येणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्केच असतो, तिथं घाई करून मिळवायचं काय? दर वळणाला मी चेन वर-खाली करत होतो. तळ्यावर पोचलो तेव्हा पाठ कोरडी होती. मी भाचीला हात घालून बघायला लावलं.

तळं एकदम दिसतं. झाडी संपते आणि समोर पाणी, हिरवं, काठावरचे देवदार त्यात उलटे. माशांच्या पाठी वरूनसुद्धा दिसतात. हे ट्राउट, इंग्रजांच्या काळात आणून सोडलेले. काठाला छोटं देऊळ आहे. गणपतीचा जन्म इथलाच, अशी इथल्या लोकांची श्रद्धा. आमच्या सिद्धेश्वरालाही तळ्याच्या मधोमध देऊळ आहे, पण त्याच्या भोवती अख्खं शहर, हॉर्न, भेळेच्या गाड्या. इथं देवळाचं दार लोटलेलं, आत कुणी नाही, पायरीवर शेवाळ. मी कडक भाकरीचा तुकडा नैवेद्य म्हणून ठेवला. मोदक कुठून आणणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाची आणि गाईड दरवा खिंडीकडे गेले. ती चार हजार मीटरच्या वर, वाटेत अजून बर्फ. मला विचारलं, मी नाही म्हटलं. माझ्यातली फुशारकी मांझीच्या छानीत पिळून गेली होती. त्या ऐवजी तळ्याला सावकाश फेरी मारली. एका टोकाला पाणी बाहेर पडतं, तीच अस्सीगंगा. दोन दिवस डाव्या-उजव्या हाताला जिचा आवाज येत होता ती इथं अगदी पोरसवदा, दगडांतून बुडबुडत निघालेली. हिनंच ऑगस्ट 2012 मध्ये एका रात्रीत पूर आणून थेट उत्तरकाशीजवळच्या गंगोरीपर्यंत पूल, घरं, माणसं नेली. गाईडनं येताना वाटेत जागा दाखवल्या होत्या, फार न बोलता. त्या बारक्या धारेजवळ बसून ते खरं वाटत नव्हतं. मी तिथं तास-दीड तास बसलो असेन. भाची दुपारी आली, नाक लाल, डोळे चमकलेले. 6316 मीटरचं बंदरपूंछ शिखर मी तिच्या मोबाईलमध्ये बघितलं. छान आहे.

उतरणीबद्दल एवढंच, की ते लिफ्टचं पाप पुरतं फेडलं. प्रत्येक पायरीला गुडघ्यात कुणीतरी टाचणी टोचत होतं. शेवटी गाईडनं रिंगालाची, म्हणजे पहाडी बांबूची, एक काठी तोडून दिली आणि वाट सोडून तिरकं, नागमोडी उतरायला शिकवलं.

अगोड्याला पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता आणि घराखालच्या गोठ्यात धावपळ चाललेली. गाय नुकतीच व्यालेली. वासरू पेंढ्यावर पडलं होतं, ओलं चिंब, थरथरत. गाय चाटत होती, पण पहिलटकरीण, मधेच घाबरून बाजूला व्हायची. वारं दारातून थेट आत येत होतं. गाईडच्या आईनं इकडं-तिकडं बघितलं, एक फाटकं पोतं उचललं. गाईडनं मला न विचारता माझ्या सॅकची चेन उघडली, टॉवेल ओढला आणि वासराला पाठीपासून चोळायला सुरुवात केली. उलट्या केसांनी, जोर लावून. 500 जीएसएम. मान, पोट, पाय. टॉवेल जड होत गेला, वासराचे केस उभे राहत गेले. पाच-सात मिनिटांत ते कोरडं झालं आणि पुढचे दोन पाय टेकून उठायची खटपट करू लागलं.

आईनं तो ओला टॉवेल हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला, फासे बोटानं चाचपले.

"कितने का है?"

मी होलसेलचा भाव सांगितला. तिला तो खरा वाटला नाही. टॉवेल मी तिथंच ठेवला. सकाळी संगमचट्टीकडे निघताना सॅक 580 ग्रॅमनं हलकी होती, ओल धरली तर आणखी जास्त.